मागच्या डिस्कला हँडब्रेक लावायचाय, कॅलिपर कोणता घ्यावा? घरी बांधत असलेली गाडी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मूळ सांगलीचा, सध्या मुक्काम इंग्लंडात कॉव्हेंट्रीला. दोन वर्षं झाली, घराच्या गॅरेजात एक गाडी बांधतोय. लोटस सेव्हनच्या धर्तीची, म्हणजे चौकोनी पाइपची चासी, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन सीट, छप्पर नाही. मूळ लोटस १९५७ ची, १९७३ पासून केटरहॅम ती बनवतं, आणि त्याच आकाराच्या गाड्या इथे बरेच लोक एखाद्या जुन्या गाडीचे पार्ट काढून घरीच बांधतात. मी पार्ट काढले ती गाडी १९९४ ची माझदा एमएक्स-५, १.८ लिटरवाली. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चारही हब तिचेच.

आता काम अडलंय हँडब्रेकवर. मागची डिस्क २५१ मिमी, जाडी ९ मिमी. मूळ कॅलिपरमध्येच, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणाऱ्या भागातच, हँडब्रेकचा लिव्हर आहे पण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने दोन्ही लिव्हर इतके जाम झालेत की पाना लावून हातोडी मारली तरी हलत नाहीत. म्हणून म्हटलं नवीनच काहीतरी घेऊ. डोक्यात असलेले पर्याय असे, एक तर हेच उघडून दुरुस्त करायचे, दुसरं फोक्सवॅगन गोल्फ ४ चे अ‍ॅल्युमिनियमचे, तिसरं म्हणजे चार पिस्टनचे देखणे कॅलिपर आणि त्यांच्या जोडीला हँडब्रेकसाठी वेगळा छोटा केबलवाला कॅलिपर, आणि एक मित्र म्हणतोय की केबलची कटकटच नको, हायड्रॉलिक हँडब्रेक टाक.

गाडी रिकामी ६२० किलोच्या आसपास भरेल, दोन माणसं आणि सामान धरून ८०० धरा. केबलचे ब्रॅकेट चासीवर अजून वेल्ड केलेले नाहीत, पावडर कोटिंगला द्यायच्या आधी हे ठरवायचंय. मनातून मला चार पिस्टनवाले हवेत, खरं सांगतो, उघड्या चाकातून ते दिसतात आणि छान दिसतात. जाणकारांनी सांगा.

ड्रिफ्ट_नाशिक

हायड्रॉलिकला माझं मत. मी माझ्या ट्रॅकच्या गाडीत टाकलाय, ओढला की मागची चाकं तिथल्या तिथे लॉक. मागच्या लाइनमध्ये तेलावर दाब देणारा एक मास्टर सिलेंडर टाकायचा, झालं. केबल नाही, दोन केबलींत ओढ सारखी वाटणारा इक्वलायझर नाही, कॅलिपर कुठलाही चालतो.

लीड्सचा_मावळा

थांबा थांबा, रस्त्यावर चालवायच्या गाडीला हे सुचवू नका. इथे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते, त्यात पार्किंग ब्रेक निव्वळ मेकॅनिकल पद्धतीने लागलेला राहिला पाहिजे. तेलाच्या दाबावर धरून ठेवलेला ब्रेक तिथे पार्किंग ब्रेक म्हणून धरतच नाहीत. आणि ते बरोबरच आहे. गाडी उभी केली, ब्रेक गरम आहेत, रात्रभरात तेल थंड होऊन आकसलं किंवा एखाद्या सीलमधून थेंब थेंब गेलं की दाब गेला, आणि सकाळी गाडी समोरच्याच्या भिंतीत. नाशिकवाल्या दादांचा ट्रॅकवर जो उपयोग आहे तो वेगळा, तिथे गाडी फिरवायला लागतो, उभी ठेवायला नाही.

ड्रिफ्ट_नाशिक

बरोबर आहे तुमचं. माझ्या गाडीत मूळ केबलवाला पण ठेवलाय, ते सांगायला हवं होतं.

घर्षण

मी चाकणला ब्रेकच्याच डिझाइनमध्ये आहे, बारा वर्षं झाली. कॅलिपरचे फोटो बघायच्या आधी दाब किती लागतो ते काढा, निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पार्किंग ब्रेकसाठी आर १३-एच हा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि तेवढ्याच उतारावर उभी राहिली पाहिजे, आणि हाताने ओढायचा ब्रेक असेल तर त्याला ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ४०० न्यूटन म्हणजे जवळपास ४१ किलो, नियमाला ते चालतं पण रोज कोणी तेवढं ओढत नाही.

तुमची ८०० किलोची गाडी अशा उतारावर साधारण १५४० न्यूटनने खाली ओढली जाईल. चाकाची त्रिज्या २८ सेंमी धरली तर दोन्ही मागच्या चाकांवर मिळून ४३० न्यूटन-मीटर, एका चाकाला २१५. डिस्क २५१ ची म्हणजे पॅडचा मध्य केंद्रापासून साधारण साडेदहा सेंमीवर येतो. पॅड दोन्ही बाजूंनी धरतात, थंड पॅडचं घर्षण ०.३५ धरा. म्हणजे २१५ ला २ गुणिले ०.३५ गुणिले ०.१०५ ने भागायचं. उत्तर २९०० न्यूटनच्या थोडं वर. प्रत्येक कॅलिपरने डिस्क ३०० किलोच्या दाबाने चिमटीत धरली पाहिजे असं समजा.

आता हाताच्या बाजूने या. रोजचं ओढणं १५० न्यूटन धरू. हँडब्रेकचा दांडा जोर सहा पट करतो, झाले ९००. इक्वलायझरने दोन केबलींत वाटले, ४५० आणि ४५०. केबलच्या वळणांत चौथा हिस्सा गेला, उरले ३४० च्या आसपास. म्हणजे कॅलिपरच्या यंत्रणेने तो जोर साडेआठ पट करून पॅडवर द्यायला हवा. हा जो आकडा आहे ना, तो दुकानदाराला विचारा. कॅलिपरचा रंग कोणता, पिस्टन किती, हे सगळं तो सांगेल, हा आकडा बहुतेकदा सांगणार नाही. मग स्वतः मोजा. लिव्हर १० मिमी हलवा आणि पॅड किती सरकला ते डायल गेजने बघा.

आणि पट वाढवली म्हणजे सुटलो असंही नाही. सहा गुणिले साडेआठ, ५१ पट. हात १५ सेंमी हलतो, तर पॅडच्या वाट्याला सगळं मिळून जेमतेम ३ मिमी येतात. त्यातच पॅड आणि डिस्कमधली फट भरायची, त्यातच केबल ताणली जायची, कॅलिपर किंचित उघडायचा. पॅड झिजले की फट वाढते आणि दांडा छताकडे जायला लागतो. म्हणून झीज आपोआप भरून काढणारी यंत्रणा आत असलेला कॅलिपर हवा. गाडी कंपन्यांच्या एकत्रित कॅलिपरमध्ये ती पिस्टनच्या पोटात असते. वेगळ्या छोट्या कॅलिपरमध्ये बहुतेकदा नसते, तिथे नट फिरवत बसावं लागतं.

माझा कल स्पष्ट आहे. एमएक्स-५ दोन माणसं बसून १२०० किलोच्या आसपास जाते आणि ह्याच कॅलिपरवर उभी राहते. तुमच्या ८०० ला ते पुरून उरतील.

कृष्णाकाठ

ताई, हे इतकं सुटसुटीत मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. वहीत उतरवून घेतलं. पण मग चार पिस्टन आणि वेगळा हँडब्रेक कॅलिपर हे जे इथल्या बऱ्याच गाड्यांवर दिसतं ते चुकीचं आहे का?

घर्षण

चुकीचं अजिबात नाही. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला मागे मुख्य कॅलिपर वेगळा आणि हँडब्रेकचा स्वतःचे पॅड असलेला वेगळा होता. जिथे मागे खरंच मोठे ब्रेक लागतात तिथे हाच रस्ता, नाहीतर मग बीएमडब्ल्यू, टोयोटासारखं डिस्कच्या टोपीच्या आत छोटा ड्रम. तो ड्रम तर उभ्या गाडीला फार छान धरतो, पण त्यासाठी हब, बॅकप्लेट सगळं त्याच घराण्यातलं लागतं. ६२० किलोच्या गाडीला मागे चार पिस्टनची गरज काय, हा प्रश्न आहे. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, तिथे करण्यासारखं काम थोडंच उरतं.

लीड्सचा_मावळा

माझा अनुभव सांगतो, मी तेच केलं होतं. मागे चार पिस्टन, वर छोटा केबलवाला. एका पार्टवाल्याकडून घेतला, त्याने छातीठोकपणे सांगितलं की तपासणीत पास होतो. पॅड बघून मला तेव्हाच शंका यायला हवी होती, काडेपेटीच्या अर्ध्याएवढा एकेक. तपासणीच्या रोलरवर गाडी गेली, पायाचा ब्रेक उत्तम, हँडब्रेक ओढला तर आकडा १२ टक्क्यांच्या वर जाईना. इथे दुहेरी सर्किटच्या गाडीला दरवर्षीच्या एमओटी तपासणीत सुद्धा पार्किंग ब्रेकची क्षमता किमान १६ टक्के लागते. नापास. घरी येऊन केबल आवळली, तर पॅड डिस्कला घासायला लागले, वीस मैलांत चाकाजवळ हात धरवेना इतकी डिस्क तापली. सैल केली की धरत नाही, आवळली की सोडत नाही. महिनाभर ह्या दोन्हींच्या मध्ये फिरत होतो. शेवटी काढून ठेवला आणि साधे एका पिस्टनचे, हँडब्रेक आत असलेले कॅलिपर लावले, दुसऱ्या वेळेला पास.

अजून एक, ही चूक कोणी करू नका म्हणून लिहितोय. ते साधे कॅलिपर मूळ गाडीत अ‍ॅक्सलच्या एका अंगाला होते, मला जागा नव्हती म्हणून मी ब्रॅकेट बनवून दुसऱ्या अंगाला नेले. डावा डाव्यालाच, उजवा उजव्यालाच. मग ब्रेकच्या लाइनीतली एअर काढायला बसलो. दोन शनिवार-रविवार, तीन बाटल्या ब्रेक ऑइल, बायको पेडल मारून मारून थकली, पेडल मात्र स्पंजासारखं. शेवटी खाली पडून टॉर्च मारून बघतो तर ब्लीड निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायची तोटी, खालच्या बाजूला. हवा वर अडकलेली, ती खालून निघणार कशी! डावा-उजवा अदलाबदल केले तेव्हा निपल वर आलं आणि दहा मिनिटांत पेडल दगडासारखं झालं. पण अदलाबदल केली की लिव्हर ओढायची दिशाही उलटते, केबल पुढून यायची ती आता मागून घ्यावी लागली, मोठा वळसा घालून. ताई म्हणतात तो चौथा हिस्सा माझ्याकडे बहुतेक त्याहून जास्त जातो.

शेंद्रा

गोल्फ ४ बद्दल सांगतो कारण तो कॅलिपर माझ्या हाताखालून शेकड्याने गेलाय. आमच्या इथे संभाजीनगरला शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया बनायची, ती आणि गोल्फ ४ एकाच प्लॅटफॉर्मवरच्या. जमेची बाजू म्हणजे बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, हातात घेतला की फरक कळतो. गोल्फ २ वाले लोक सुद्धा आपले लोखंडी काढून हेच लावतात, कारण लोखंडीचे लिव्हर जाम होतात. तुमच्या डिस्कची जाडी ९ आहे, गोल्फच्या साध्या डिस्कची पण ९, त्यामुळे पॅडच्या मधली जागा जुळते. पण गोल्फची डिस्क २३२ ची. तुमची २५१. म्हणजे कॅलिपर साडेनऊ मिमी बाहेर सरकवून बसवायला ब्रॅकेट बनवावा लागेल, मग रिमच्या आतल्या बाजूला लागतो का ते बघावं लागेल.

एक पथ्य पाळा, माझदाचा असो की गोल्फचा. पिस्टन आत ढकलायला सी-क्लॅम्प लावायचा नाही. आत स्क्रू असतो, जबरदस्ती केली की झीज भरणारी यंत्रणा मोडते आणि मग हँडब्रेक कधीच नीट लागत नाही. गोल्फचा पिस्टन टूलने फिरवत फिरवत आत घ्यायचा. माझदाच्या मागे १४ चा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ च्या अ‍ॅलन कीचा स्क्रू दिसतो, त्याने मागेपुढे होतो.

आणि क्रम लक्षात ठेवा. आधी एअर काढायची, मग पेडल वीस-पंचवीस वेळा मारायचं म्हणजे आतली यंत्रणा आपली जागा घेते, आणि सगळ्यात शेवटी केबल जोडून सेट करायची. लोक हँडब्रेक वर येतोय म्हणून थेट केबल आवळतात. त्याने लिव्हर आपल्या मूळ थांब्यापासून उचललेला राहतो आणि झीज भरण्याचं कामच बंद पडतं. चार महिन्यांनी परत आवळतात. केबल सोडलेली असताना दोन्ही लिव्हर थांब्याला टेकलेले आहेत का, हे बोटाने चाचपून बघा.

माळरान

माझ्या जुन्या विलीज जीपला हँडब्रेक चाकाला नाहीच, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागे शाफ्टवर एक ड्रम आहे. लँड रोव्हर डिफेंडरला पण तसंच. एकच केबल, आणि शाफ्टवर धरल्यामुळे डिफरन्शियलची पट फुकटात मिळते, बोटाने ओढला तरी जीप हलत नाही. कृष्णाकाठ, तुम्हाला असं काही करता येईल का? आणि दुसरं, मी मागे डिस्क टाकायचा विचार करतोय, इकडे भारतात चालतं का?

घर्षण

शाफ्टवरचा ब्रेक जोराच्या हिशेबात सुंदर, पण एक चाक जॅकवर उचललं किंवा चिखलात सुटलं की साधं डिफरन्शियल ते फिरू देतं आणि गाडी चालू लागते. चाक बदलताना माणूस खाली असतो. ह्या गाडीला मी सुचवणार नाही.

तुमच्या जीपबद्दल, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलंय. काही करायच्या आधी आरटीओत विचारा, लेखी घ्या.

शिरोलीचा_पाना

भावा, जाम झालेले कॅलिपर टाकू नकोस, उघड. आमच्या शिरोली एमआयडीसीत मी असे कित्येक सोडवलेत. लिव्हरचा शाफ्ट ज्या भोकातून आत जातो तिथलं रबर फाटलेलं असतंय, तिथनं पाणी आत जाऊन गंज धरतोय, बाकी आत सगळं शाबूत असतंय. भेदक तेल सोडून रात्रभर ठेव, दुसऱ्या दिवशी बॉडी गरम कर, सगळी रबरं काढल्यावरच बरं का, मग लिव्हर थोडा पुढं थोडा मागं असा हलवत ऱ्हा. एकदम जोर केलास तर शाफ्ट मोडतोय. सुटला की शाफ्ट बारीक पॉलिश पेपरनं साफ कर, पण भोक मोठं करू नकोस. सील आणि बूट नवीन टाक. आणि ग्रीस लावताना बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावायचं नाही, ब्रेकची रबरं त्यानं फुगत्यात. रबराला चालणारं ब्रेकचंच ग्रीस आण. स्लाइड पिन सुद्धा बघ, त्या हातानं सरकल्या पाहिजेत, नाहीतर एकच पॅड घासतोय आन् लोक हँडब्रेकला शिव्या देत्यात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री हा धागा आणि गाडी असं दोन्ही समोर ठेवून बसलो होतो. गोल्फचा कॅलिपर पुठ्ठ्याचं टेम्प्लेट करून लावून बघितला, माझ्या १४ इंची रिमच्या आत त्याचा वरचा कोपरा जवळजवळ टेकतो, खेळायच्या पत्त्याच्या जाडीपेक्षा जास्त जागा राहत नाही. शिवाय पिस्टन वेगळा म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बदलणार ना ताई?

घर्षण

बदलणार. तोच मुद्दा मी पुढे लिहिणार होते. मागचा पिस्टन मोठा केला की त्याच पेडलला मागे जास्त दाब, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली की गाडी गोल फिरते. तिथल्या तपासणीत पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत हे बघतात. हँडब्रेकसाठी म्हणून घेतलेला कॅलिपर पायाच्या ब्रेकचं गणित बिघडवतो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मूळचे ठेवलेत तर पुढचे-मागचे एकाच गाडीचे, त्यांचं आपसातलं नातं आधीच जुळलेलं. तुमची गाडी हलकी आहे म्हणून ते तपासावं लागेलच, पण सुरुवात ओळखीच्या जागेवरून होईल.

कृष्णाकाठ

ठरलं. मूळचेच दुरुस्त करतोय. काम झालं की लिहितो.

कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी परत आलोय. पहिला कॅलिपर शिरोलीच्या दादांनी सांगितलं तसं दोन दिवसांत सुटला. दुसरा नाही सुटला, सहा दिवस तेल, गरम करणं, परत तेल. सातव्या दिवशी संध्याकाळी लिव्हर केसभर हलला तेव्हा मी गॅरेजात एकटाच मोठ्याने ओरडलो. आत बघितलं तर शाफ्टवर एकाच बाजूला गंजाचा पट्टा, बरोबर जिथे बूट फाटला होता त्याच्या खाली. बाकी यंत्रणा नव्यासारखी. सील, बूट, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नवीन टाकल्या. आता लिव्हर सोडला की टक् करून थांब्यावर येतो.

केबल एमएक्स-५ चीच वापरली, चासीवर ब्रॅकेट आधी नुसते टॅक करून, म्हणजे एकेका ठिपक्याने तात्पुरते वेल्ड करून घेतले. केबलला कुठेही तीव्र वळण येऊ दिलं नाही, त्यासाठी डावीकडचा ब्रॅकेट दोनदा कापून परत लावला. मग शेजाऱ्याच्या उतरत्या ड्राइव्हवेवर चासी ढकलत नेली, चाकामागे लाकडी ठोकळे ठेवून. डिजिटल लेव्हलवर उतार १० अंश, म्हणजे साडेसतरा टक्के होतो. सीटच्या जागी वाळूच्या गोण्या रचून वजन ८०० च्या जवळ आणलं. दांड्याला प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा अडकवून ओढला. १४ किलोला गाडी थांबली, मी १६ पर्यंत नेऊन कटकट करत पाचव्या खाचेवर सोडला. ठोकळे काढले. टायरखाली खडूने रेघ मारली आणि चहा करायला घरात गेलो. तासाभराने येऊन बघितलं, रेघ तिथल्या तिथे. गाडी उलटी वळवून परत तेच केलं, तेव्हाही.

गरम डिस्कवरची परीक्षा अजून बाकी आहे, ती गाडी चालायला लागल्यावरच.

घर्षण

१६ किलो म्हणजे १५७ न्यूटन. वहीतल्या हिशेबाच्या किती जवळ आलात बघा! मनापासून आनंद झाला.

गरम डिस्कबद्दल आत्ताच सांगून ठेवते. घाट उतरून आलात आणि लगेच उतारावर गाडी लावली, तर थंड होताना ९ मिमीची लोखंडी डिस्क २०० अंशांत साधारण ०.०२ मिमी आकसते, पॅड त्याहून जास्त. केबलमधला ताण हे बरंचसं भरून काढतो, म्हणून गरम असताना एक खाच जास्त ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन एकदा ओढून बघा.

लीड्सचा_मावळा

अभिनंदन मित्रा! तपासणीची तारीख मिळाली की कळव, मी लीड्सहून येतो. आणि ब्लीड निपल वर आहे ना ते एकदा बघ.

कृष्णाकाठ

वर आहे, दोन्हीकडे. कालच टॉर्च मारून बघितलं. शनिवारी सगळं परत उकलून चासी पावडर कोटिंगला जातेय, ब्रॅकेट आता पूर्ण वेल्ड केलेत.